दहा शब्दांचं कार्ड

अवो, तुमी गेल्याला आज सोळा दिस झाले. ह्या सोळा दिसांत म्या तुमच्या नावानं एक खोटं कार्ड टाकलं. त्ये आदी सांगते, मंग बाकीचं. बाकीचं म्हंजी भांडान. आपलं भांडान मिटायच्या आदीच तुमी उठून गेलात, तवा त्ये आता मला एकटीलाच वडावं लागतंय.

लिव्हायची मला सवय न्हाई. बापानं दुसरीतनं नाव काढलं, फुडचं तुमी शिकीवलं, पन्नाशी उलटल्यावर, खडीच्या ढिगावर बसून, कोळशानं दगडावर. बाया हसायच्या. मला लाज वाटायची आन बरं बी वाटायचं. बरं वाटायचं ह्ये तुमाला कवा बोलले न्हाई. ही वही तुमचीच हाय. फुडल्या पानांवर तुमचे इंग्रजी शब्द हायेत, त्यांस्नी धक्का लागू नये म्हून मागल्या पानापास्नं लिव्हतीया. दुपार हाय. घरात आत्ता कोन न्हाई.

भांडान कुटनं सुरू झालं त्ये आठवतं का? मागल्या साली आपल्या भानूचा निकाल आला त्या दिशी. शेतकीच्या कॉलेजातनं पोरगं चांगलं पास झाल्तं. त्याच्या फुडचं शिकायला दिल्लीकडं जायाचं तर एक परीक्षा द्याची. मातीचं, बियाचं, किडीचं सारं त्याला आलं. अडलं त्ये इंग्रजीच्या भागात. थोडक्यात गेलं. आन ती परीक्षा दोनदाच देता येती म्हने.

म्या म्हनलं, "ऱ्हाऊ द्या आता. ग्रामसेवकाची जागा निगालीया, धरू द्या नोकरी."

तुमी म्हनला, "मातीचं शिकल्याला गडी. त्यो काय जन्म-मृत्यूच्या नोंदी करत बसंल?"

"तुमच्या हट्टापायी पोरगं वाळून काटकी झालंय."

तुमी टोपी उचलली. तुमचं हेच वंगाळ. मानूस भांडायला उभं ऱ्हातं आन तुमी टोपी डोक्यावर ठिवून भाईर जाता. त्या दिशी बी गेलात, आन बाजारातनं आलात त्ये पोस्टाच्या कार्डांचा गठ्ठा घिऊन.

पुन्याला अभ्यासाला ऱ्हायल्याल्या भानूला तुमी लिव्हलं, दर हप्त्याला दहा इंग्रजी शब्द धाड, आपल्या मराठी अक्षरात, अर्थासकट. मी त्यातले नुसते अर्थ उलटे-पालटे करून बुधवारी परत धाडीन. तू वही न उघडता त्याचं इंग्रजी लिव्हून पाठवायचं. चौथी शिकल्याला बाप कॉलेज शिकल्याल्या पोराची परीक्षा घेनार! भाऊजी हसून हसून खोकायला लागले. "दादा, त्या हेल्याला बी शिकव की दोन शब्द." तुमी शांतपनी म्हनला, "शिकवत न्हाई रं बाबा. राखन करतो. ढोरं राखायला ढोर व्हावं लागत न्हाई."

एखादा शब्द चुकला तर तुमी रागवायचा न्हाई. फुडल्या कार्डात त्योच अर्थ परत, खाली रेघ मारून. परत चुकला तर परत रेघ. अवघड तेवढंच निवडून काढायचा. मला त्या रेघांची भीती वाटायची. म्या म्हनायचे, एखादा सोपा द्या की, पोराला बरं वाटंल. तुमी म्हनायचा, "बरं वाटायला परीक्षा घेत्यात व्हय?"

मंग ह्यो दुस्काळ आला. हीर आटली, बैलं छावनीत गेली, आन आपुन दोघं सरकारी रस्त्याच्या खडीवर. तिथं बी तुमची वही आलीच. हातोड्याच्या एका घावाला इंग्रजी, दुसऱ्या घावाला अर्थ. तुमी शब्द टाकायचा, म्या अर्थ सांगायची. शेजारच्या ढिगावर ठकू असायची, तिला फुकटात यायला लागलं. एक दिस तुमी म्हनला, "एन्ड्युअर." म्या म्हनलं, "सोसनं. पर काय वो, सोसायला इंग्रजीत बी शब्द हाय?" तुमी म्हनला, "तिकडं बी बाया हायेत की." ठकू हातोडा टाकून हसली. दुसऱ्या दिशी मुकादमानं तिला इचारलं, कामावर खायला वाटत्यात ती सुकडी मिळाली का, तर ही बया काय म्हनावी? "सुकडी लई स्केर्स झालीया, मुकादम." मुकादम तोंडाकडं बघतच ऱ्हायला. त्यानं ठकूला हजेरीत दोन दिस "बाई" म्हनून हाक मारली, आदी नुसतं "ए" म्हनायचा.

उनात खडी फोडनं, रेशनच्या लाल मिलो जोंधळ्याची भाकर, पान्याला कोसभर चालनं, सारं हुतं. पर दिस जायचा. आता इचार करते तर वाटतं, तुमी शब्द भानूसाठी म्हनत हुता का माज्यासाठी? त्ये इचारायचं ऱ्हायलं.

त्या सोमवारी सकाळी तुमी हातोडा खाली ठिवला. टाकला न्हाई, नीट ठिवला, दांडा आपल्या अंगाला करून. आन कलंडलात. टेम्पोत घालून तालुक्याला न्यायला निगालो, वड्याच्या पल्याड बी पोचलो न्हाई. छातीत दुखतं ह्ये तुमी सांगितल्यालं न्हवतं. भानूला कळवायचं का न्हाई, त्ये बी सांगितलं न्हाई. परीक्षा तेरा दिसांवर आल्ती, रैवारी, पुन्याला. दुसऱ्यांदाची. शेवटची.

घरी आनलं तुमाला. बायांनी माज्या बांगड्या फोडल्या. मनगटाला काचा लागल्या. तेवढ्यात भिताडापल्याड सायकलीची घंटी वाजली आन मला कळलं, भाऊजी निगालं तार करायला. म्या तशीच उठले. पाटीमागनं कॅरिअर धरलं.

"वयनी, सोडा."

"न्हाई."

"येडं लागलं का? सांजपतूर तार पोचंल, सकाळच्याला पोरगं हितं. तवर थांबू."

"थांबायचं न्हाई. तुमच्या सख्यानं अग्नी द्यायचा."

"पोटचा ल्योक जित्ता असून पुतण्यानं? गाव तोंडात शान घालंल माज्या."

"माज्या घालू द्या."

"आवो, परीक्षा काय, फुडल्या साली…"

"दोनदाच असती, भाऊजी. ही दुसरी."

त्येनी सायकल स्टँडला लावली. त्यांचं तोंड काळंठिक्कर पडल्यालं. "मेल्याल्या मानसापरीस परीक्षा मोठी व्हय, वयनी?"

म्या म्हनलं, "त्यांचीच परीक्षा हाय ती."

"आन उद्या भानूच तुमच्या तोंडावर थुकला, तर?"

म्या कॅरिअर तेवढं सोडलं न्हाई. माज्या मनगटाचं रगत त्या कॅरिअरला लागलं, त्ये बगून भाऊजी खाली बसलं आन रडलं. सख्यानं तुमाला अग्नी दिला. तुमाला पटलं असंल का नसंल, मला ठाव न्हाई.

बुधवार आला. तुमचं कार्ड शनवारी पुन्यात पोचायचं. पोचलं न्हाई तर भानू रैवारच्या पयल्या गाडीत बसून येनार, मी ओळखून हुते. तवा म्या वही काडली. "आईकडून लिव्हून घेतो, माज्या बोटावर हातोडा बसला" असं तुमच्या तोंडचं लिव्हलं. बोटं तर साऱ्यांचीच फुटत्यात, खोटं वाटनार न्हाई. हिकडं सारं ठीक, तू अभ्यास कर. मंग दहा अर्थ. वहीची पानं उलटीत बसले. रेघा मारल्याले शब्द दिसले की पान फुडं सारायचे. एका कार्डाला सारी सकाळ गेली. "ठीक" लिव्हताना हात थांबला हुता, त्ये सांगून ठिवते.

ठकूला म्हनलं, पेटीत टाकून ये, आन कुनाला बोलू नगं.

"टाकते. पर माज्या जिभेला कुलूप न्हाई, तुला ठाव हाय."

"घाल."

"एन्ड्युअर करते, बया," म्हनाली, आन पदर तोंडाला लावून गेली.

तिथनं फुडं माजं काय खरं न्हवतं. यस्टी फाट्यावर थांबली की म्या दारात येऊन बगायची. गावातली दोन पोरं पुन्यात कामाला हायेत, त्यातला एखादा भानूला भेटला तर? कुनी कीव करून पत्र टाकलं तर? आन न्हाईच कळलं, आन त्यो पेपर लिव्हून हसत दारात आला तर? त्याच्या हातात काय तरी असंल, तुमच्यासाठी आनल्यालं. ह्येच सारकं डोळ्याम्होरं यायचं. मी मानसं गेल्याली बगितलीत. भानूच्या आदी तीन लेकरं आपल्या हातानं मातीत ठिवली. तवा रडले, पर भ्याले न्हवते. ह्या दिसांत लई भ्याले.

दहाव्याला भाऊजी वड्यावरनं आलं, तांब्या आदळला. "कावळा शिवला न्हाई. तासभर बसलो. ल्योक न्हाई तर कावळा तरी कसा यील?"

"कावळं हायेत का पन? सारं कालव्याच्या गावांस्नी गेलं. त्यांस्नी बी पानी लागतं."

"तुमाला सारं चेष्टंवारी दिसतं."

चेष्टा न्हवती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवीवला, भाऊजी म्हनलं. रातभर माज्या मनात तेच, का तुमी रागावला म्हून आला न्हाई? मंग वाटायचं, तुमी कवा रागावला तरी असं आडून न्हाई रागवायचा. टोपी घालून भाईर गेला असता.

शुक्रवारी भानूचं कार्ड आलं. परीक्षेला दोन दिस ऱ्हायल्याले. टपालवाल्याला ठाव हुतं, त्यानं उंबऱ्यावर ठिवलं आन गेला. "तीर्थरूप तात्यांस साष्टांग नमस्कार." दहाच्या दहा इंग्रजी शब्द लिव्हल्याले, वहीशी लावून बगितले, सारे बराबर. खाली, "बोटाला जपा. आईला म्हणावं वेळेवर जेव. रविवारी पेपर आहे, सोमवारी येतो." मला हायसं वाटलं. वाटलं, निभावलं. परत एकदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. काय तरी उनं हुतं, कळंना. मंग कार्डाचं डोस्कं दिसलं. कोरं.

आपल्या घरातलं एक बी कार्ड कवा कोऱ्या डोस्क्यानं गेलं न्हाई. आदी मधोमध श्री, मंग बाकीचं. सुतकात तेवढं लिव्हत न्हाईत. तेरा दिस ज्या घरातनं श्री न लिव्हल्याला कागूद येतो, तिथं काय झालं असंल त्ये आपल्याकडं शेंबड्या पोराला बी कळतं.

म्या भानूला कार्ड लिव्हलं तवा श्री लिव्हली हुती का? न्हवती लिव्हली. हात गेलाच न्हाई. बोटाचं खोटं सुचलं, "ठीक" लिव्हलं, दहा अर्थ निवडून काडले, आन सुतकात देवाचं नाव लिव्हायचं न्हाई म्हून हातानं आपसूक ती जागा सोडली. कुनाचं खोटं उघडं पडावं तर असं. त्याला शनवारीच कळलं हुतं. आन त्यानं बी सुतक पाळून, श्री न लिव्हता, मेल्याल्या बापाला उलट टपाली दहा शब्द धाडले.

म्या तशीच भाऊजींच्या दारात गेले. "पुन्याला जा. त्याला ठाव झालंय. एकटा हाय. काय खाल्लं असंल का, काय करून बसला तर…"

भाऊजींनी कार्ड उलटं-सुलटं बगितलं. मंग म्हनलं, "न्हाई जानार मी."

"तार करायला पळत हुतात की."

"तवा त्याला ठाव न्हवतं. आता त्याला ठाव हाय, आन त्यानं ठरीवलंय. आता मधी पडलं तर त्याचं बी जाईल आन तुमचं बी. बसा खाली, वयनी. पानी प्या."

बारा दिसांत पयल्यांदा त्यांनी मला बसा म्हनलं. त्ये दोन दिस मी कसे काडले त्ये लिव्हत न्हाई. रैवारी पेपराच्या येळंला ठकू येऊन बसली. तिनं मधीच इचारलं, "आता सुटला असंल का गं?" म्या म्हनलं, "अजून न्हाई."

काल दुपारच्या यस्टीनं भानू आला. डोस्कं तासल्यालं. हातात पिशवी, पायात चप्पल न्हाई. दारात उभा ऱ्हायला, आत यीना. म्या पान्याचा तांब्या दिला, त्यो त्यानं पायावर वतला. मंग बसला तुमच्या जागंवर न्हाई, म्होरं, भुईवर.

"पेपर लिव्हला," म्हनला.

म्या कसा गेला इचारलं न्हाई.

"शब्द सारे आले. उताऱ्याखालचे दोन प्रश्न ऱ्हायले. येळ पुरला न्हाई." मंग म्हनला, "शनवारी मी स्टँडवर आल्तो, आई. तिकिटाच्या रांगेत हुतो. कार्ड परत वाचलं. श्री नव्हती म्हून कळलं हुतं, तरी मन मानंना. मंग ते दहा शब्द बगितले. सारे सोपे. तात्यानं कवा सोपे दिले? एका बी खाली रेघ न्हाई. म्हनलं, आई मला पास करायला बघतीया. रांगेतनं निगालो भाईर."

म्या खाली बगितलं. सोपे दिले ह्ये मला ठाव बी न्हवतं. रेघा नगं वाटल्या, एवढंच.

"पर नऊ दिस, आई." आता त्याचा आवाज चढला. "नऊ दिस मी त्या खोलीत. दोन पोरं बाजूला, रडायला जागा न्हाई. नळ सोडून ठिवायचो मोरीतला. कवा गेला, कशानं गेला, कुनी अग्नी दिला, काय ठाव न्हाई. कुनाच्या बापाला असं जाऊ देत्यात? तू कोन ठरीवनारी?"

भाऊजी दारात उभे हुते. "भानू, आईला असं…"

"बोलू द्या त्याला," म्या म्हनलं.

माफी मागितली न्हाई म्या. तुमाला खरं सांगते, मागावी का न्हाई, ह्येच अजून कळलं न्हाई. निकाल दोन म्हैन्यांनी. लागला तर गाव म्हनंल, बाईनं छाती दगडाची केली म्हून झालं. न्हाई लागला तर म्हनंल, बापाचं तोंड बी बगू दिलं न्हाई, आन मिळालं काय? गावाचं गावापाशी. दिल्लीवरनं कायबी आलं तरी त्ये नऊ दिस त्याला कोन माघारी देनार? तुमी हट्ट केला न्हसता तर ही पाळीच आली न्हसती, असं बी मनात येतं. आन तुमी हट्ट केला न्हसता तर मला ह्ये लिव्हता बी आलं न्हसतं, असं बी येतं. दोनी येतं. कुटलं खरं धरू?

सांजच्याला भाऊजी गेल्यावर त्यानं इचारलं. तवर राग उतरला हुता.

"आई, टेम्पोत तू एकटीच हुतीस त्याच्यापाशी?"

"व्हय."

"काय म्हनला त्यो? शेवटाला?"

अवो, त्या येळंला माज्या जिभंवर किती सोपं वाक्य आलं हुतं म्हून सांगू. भानूला परीक्षंला बसव असं तुमी म्हनला, एवढं म्या सांगितलं असतं तर सारं सुटलं असतं. त्याचं बी, माजं बी. त्यो रागावला असता तर तुमच्यावर, आन तुमच्यावरचा राग त्याचा कवा टिकला न्हाई. भाऊजी गप झाले असते. गाव गप झालं असतं. एवढं खोटं केलं, आनिक एक काय जड हुतं?

म्या म्हनलं, "पानी मागितलं. दोनदा. टेम्पोत पानी न्हवतं. डायवरच्या बाटलीत घोटभर हुतं, त्यात पदर भिजवून व्हटाला लावला. दुसरं काय बोलले न्हाईत."

"माजं नाव?"

"न्हाई."

"परीक्षेचं?"

"न्हाई. बसवायचं म्या ठरीवलं. त्यांनी न्हाई."

मंग त्याचं तोंड लहानपनी व्हायचं तसं वाकडं झालं आन त्यो रडला, मोठ्यांदी, भाईरच्यांना आयकू जाईल असा. म्या त्याला गप केलं न्हाई. पाठीवर हात ठिवला, त्यानं त्यो झटकला न्हाई.

आज सकाळी त्यो भाऊजींसंगं छावनीत गेलाय, बैलं बगायला. तवा ही येळ मिळाली.

भांडान एकच ऱ्हायलं हाय माजं. दोनदा पानी म्हनलात. एकदा त्याचं नाव घ्यायला पायजे हुतं तुमी.